आपल्या माणसाला विचारताना

गावात शिरताना वेशीपाशी एक फलक दिसतो. वर फोटो, फोटोखाली नाव, त्याखाली ‘यांच्या स्थानिक विकास निधीतून’ आणि ‘यांच्या शुभहस्ते’. कामाचे नाव त्याहून बारीक अक्षरात. रक्कम कधी लिहिलेली असते, कधी दोन पावसाळ्यांत पुसून गेलेली असते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला हा रस्ता कधी झाला असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले : ‘साहेबांनी दिला की, दोन वर्षं झाली.’ टाकी ताईंनी दिली, सभामंडप दादांनी दिला, व्यायामशाळा भाऊंनी दिली. या ‘दिला’पाशी मी फार वर्षे अडून राहिलो आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांच्या कामांची शिफारस करता येते. मंजुरी जिल्हा प्रशासन देते. पैसा सरकारी तिजोरीतला, आणि त्या तिजोरीत रस्त्याने चालणाऱ्या माणसाने साबणाच्या वडीपासून मोटारसायकलच्या पेट्रोलपर्यंत भरलेला कर असतो. देणाराही तो आणि घेणाराही तोच. तरी वाक्याचा कर्ता मधला माणूस होऊन बसतो. आणि एकदा कोणी ‘दिले’ म्हटले की ते उपकार होतात. उपकार करणाऱ्याकडे हिशोब मागायला आपली जीभ रेटत नाही.

लोकप्रतिनिधींच्या उत्तरदायित्वाचा अभ्यास मी या क्रियापदापासून सुरू करतो. या अभ्यासात नव्याने येणारा वाचक राज्यशास्त्राचा विद्यार्थी असेल, पहिल्यांदाच निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य असेल, किंवा निवृत्तीनंतर वॉर्डातल्या कामांचे कागद मागवू लागलेले गृहस्थ असतील. सर्वांचे मनापासून स्वागत. इथे आधी फार काही येत असावे लागत नाही. बेरीज-वजाबाकी, वाचनाचा कंटाळा नसणे आणि थोडा धीर, एवढ्यावर सुरुवात होते.

अभ्यासक्रमात उत्तरदायित्व आणि राष्ट्रीय एकात्मता हे दोन वेगवेगळ्या पत्रिकांत येतात. पहिला लोकप्रशासनाकडे, दुसरा ‘राष्ट्रबांधणीपुढील आव्हाने’ अशा प्रकरणात. पहिल्यात कॅग, लोकलेखा समिती, लोकायुक्त. दुसऱ्यात जात, धर्म, भाषा, प्रांत. पुढच्या पानांत हे दोन्ही एकत्र घेतले आहेत, कारण माझ्या मते तो एकच विषय आहे. सत्तेला जाब एकट्यादुकट्याला विचारता येत नाही. त्यासाठी ज्यांच्याशी आपली सोयरीक नाही, ज्यांच्या पंगतीला आपण कधी बसलो नाही, अशांच्या बरोबर उभे राहावे लागते. आणि जात, भावकी, भाषा किंवा पक्ष यांमुळे जो ‘आपला माणूस’ ठरतो त्याला विचारायची तयारी झाल्याशिवाय तो जाब पुरा होत नाही. जिथे फक्त परक्यालाच जाब विचारला जातो तिथे उत्तरदायित्वही नसते आणि एकताही नसते. तिथे पाळी असते. आज यांची, उद्या त्यांची.

मराठीत सत्तेपुढे तोंड उघडण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्हींना वेगळे शब्द आहेत. अर्ज, गाऱ्हाणे आणि जाब. अर्ज खालून वर जातो. त्याच्या शेवटी अजूनही ‘ही नम्र विनंती’ असते. गाऱ्हाणे देवापुढे घालतात. कोकणात आणि गोव्यात मानकरी एकेक मागणे मोठ्याने मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्यानंतर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ती रीत सुंदर आहे, सगळ्या गावाला एका सुरात आणणारी आहे. पण त्यात उलट उत्तर द्यायचे बंधन देवावर नसते. जाब हा शब्द मात्र ‘जवाब’वरून आला. त्यात उत्तर अध्याहृत आहे. जाब विचारणारा समोरच्याला आपल्याच उंचीवर उभा करतो. आपली ग्रामसभा, वॉर्डसभा, आमदाराचा ‘जनता दरबार’ यांत या तीन रीतींपैकी कोणती चालते, हे एकदा शांतपणे बसून ऐकावे. ‘दरबार’ या नावातच पुष्कळसे उत्तर आहे.

या अभ्यासाची महाराष्ट्रातली मुळे बरीच मागे जातात. पुण्यात पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या असंतोषातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी तिच्या कामामुळे पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले गेले. एका देवस्थानाच्या कारभाराचा जाब मागताना माणसांच्या लक्षात आले, की सरकारच्या कारभाराचाही जाब मागायला हवा. मला या सभेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती तिची सभासदत्वाची अट. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० माणसांच्या सहीचे मुखत्यारनामे आणावे लागत. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० सह्या होत्या. मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता त्या काळात या लोकांनी प्रतिनिधित्वाचा कागद स्वतःच तयार केला : मी कोणाच्या वतीने बोलतो, हे आधी दाखवीन आणि मग बोलेन. १८७६-७८च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. तिच्या तालमीत तयार झालेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ पासून व्हाइसरॉयच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे केली आणि लोक हालात असताना तिजोरीत शिल्लक कशी, असे आकड्यांनिशी विचारले.

पण इथे थांबलो तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. सभेचे बहुतेक सभासद वरच्या जातींतले, सरदार, सावकार, वकील असे होते. महात्मा फुल्यांनी तिच्या ‘सार्वजनिक’ असण्यावरच बोट ठेवले. शेतकऱ्याला गोऱ्या साहेबाइतकाच गावचा कुलकर्णी आणि कचेरीतला कारकून नाडतो आणि त्यांना जाब कोण विचारणार, हा त्यांचा प्रश्न ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पानोपानी आहे. परक्या सरकारला आकडेवारीने घेरणारी माणसे स्वतःच्या जातभाईंपाशी येऊन थबकली, हे फुल्यांनी अचूक पकडले. नव्या अभ्यासकाने सार्वजनिक सभा आणि फुले एकत्र वाचावेत. एकाकडून पद्धत शिकता येते आणि दुसऱ्याकडून ती पद्धत कोणावर वापरायची राहून गेली ते कळते.

महाडची गोष्ट आपण समतेच्या लढ्यातला प्रसंग म्हणून शिकतो, आणि ते योग्यच आहे. उत्तरदायित्वाच्या अभ्यासात तिला पहिला मान मिळायला हवा असे मात्र मी आग्रहाने म्हणेन. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा म्हणून ओळखला जाणारा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा. सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला. तळ्यावर फरक काही पडला नाही. निवडून आलेल्या सभागृहाचा ठराव, सरकारचे आदेश, नगरपालिकेचा ठराव, हे सगळे असूनही तीन वर्षे ओंजळभर पाण्यापर्यंत ते पोहोचले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यांनी त्या दिवशी नवा कायदा मागितला नाही. झालेल्या ठरावाचा अंमल ती स्वतः चालत जाऊन करत होती. आज आपण ‘अंमलबजावणीतील तफावत’ म्हणून ज्याचे तक्ते करतो ती गोष्ट याहून स्पष्ट कुठे दिसणार?

त्यानंतरचे कागद वाचताना अंगावर काटा येतो. माणसांना मारहाण झाली. तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग काही मंडळी तळे खासगी आहे असा दावा घेऊन दिवाणी न्यायालयात गेली आणि तो दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चढत १९३७ साली आंबेडकरांच्या बाजूने निकालात निघाला. एका तळ्यासाठी दहा वर्षे. जे सार्वजनिक आहे ते खासगी आहे असे सांगून उत्तर टाळण्याची युक्ती किती जुनी आहे, हेही त्यात दिसते.

महाडमध्ये आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मांडणीला ती सर्वांत जवळची आहे. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे तळ्यावर जाणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. टिपणीस तर महाड नगरपालिकेच्याच कारभारातले. त्यांना गावातल्या आपल्या लोकांत राहायचे होते, लग्नकार्याला जायचे होते. अशा माणसाने आपल्याच आळीला विचारलेला प्रश्न बाहेरच्याने विचारलेल्या प्रश्नापेक्षा फार महाग पडतो, आणि म्हणून त्याचे वजनही वेगळे असते.

राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द कसा आला, हे बहुतेकांना माहीत नसते. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीने तो घातला. आंबेडकर त्या समितीचे अध्यक्ष होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये, म्हणजे गांधीहत्येला महिनाही झाला नव्हता आणि फाळणीचे निर्वासित अजून छावण्यांत होते, तेव्हा समितीचा मसुदा पुढे ठेवताना त्यांनी याचे कारण सांगितले : बंधुभावाची आणि सलोख्याची गरज देशाला आजच्याइतकी कधी नव्हती. शब्द कुठे बसवला तेही पाहण्यासारखे आहे. एकतेचे आश्वासन बंधुता देते, आणि त्याच वाक्यात व्यक्तीची प्रतिष्ठा राष्ट्राच्या एकतेच्या आधी आली आहे. (‘एकात्मता’ हा शब्द १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वाढवला.) २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात आंबेडकरांनी दोन धोके जवळजवळ सांगितले. राजकारणात व्यक्तिपूजा केली की शेवट हुकूमशाहीत होतो, हा एक. आणि हजारो जातींत वाटलेले लोक स्वतःला राष्ट्र म्हणवत असले तरी अजून राष्ट्र झालेले नाहीत, हा दुसरा. मला या दोन गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. आपापल्या जातीत बंद असलेल्या माणसाला आपल्या जातीचा नेता देवासारखा वाटतो आणि देवाला कोणी जाब विचारत नाही.

आता थोडे पगाराच्या कागदाकडे. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ नावाची एक कपात असते. साधारणपणे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. बहुतेक जण ती पाहतात आणि विसरतात. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२च्या भीषण दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना राज्यभर राबवली गेली. पाग्यांनी तिचा प्रयोग त्याआधी सांगली जिल्ह्यात विसापूरला केला होता. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क म्हणून मान्य करणारा असा कायदा देशात तोवर नव्हता. लालबागच्या गिरणीतला कामगार, फोर्टातला बँक कारकून, पिंपरीचा फिटर आणि माण-खटाव किंवा बीडकडे खडी फोडणारी बाई यांना या कराने एका हिशोबात आणले. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे. एकतेबद्दल पोटतिडकीने बोलणाऱ्यांना मी नेहमी हा कर दाखवतो. त्याच्याबद्दल कोणी गाणे रचले नाही, पण गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्राला जोडणाऱ्या ज्या थोड्या खऱ्या गोष्टी आहेत त्यांत तो आहे. आणि म्हणूनच रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटे नाव घालणारा माणूस फक्त पैसे खात नाही. फोर्टातल्या कारकुनाच्या मनात माणच्या बाईविषयी संशय पेरतो. ‘आमच्या पैशावर तिकडे काय चालतं कोण जाणे’ हे वाक्य ज्या दिवशी बोलले जाते त्या दिवशी एक धागा तुटलेला असतो.

हजेरीपटाचा हा प्रश्न राजस्थानातल्या मजुरांनी मुळातून धरला. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी गावातून काम करणाऱ्या अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना पुरी मजुरी मिळत नव्हती. विचारले की सांगत, तुम्ही काम कमी केले, नोंदीत तसे आहे. आणि नोंदी दाखवत नसत. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई झाली. मांडवात गाव जमले आणि मिळवलेल्या नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या. एवढेच. पण त्या एवढ्यात सगळे होते. अशा सुनावण्यांत मेलेल्या माणसांची, गाव सोडून गेलेल्यांची नावे हजेरीपटावर निघाली आणि ज्यांची नावे होती ती माणसे उठून ‘मी त्या कामावर गेलोच नव्हतो’ असे सर्वांसमोर म्हणाली. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले. लोकांनी धान्य दिले, भाजी दिली, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथून देशभर गेली. पैशाच्या आधी ‘हमारा’ आहे, हे मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो. वेशीवरच्या फलकावरील ‘दिला’ला एवढे नेमके उत्तर दुसरे नाही.

त्यातून आणि इतर अनेक प्रांतांतल्या चळवळींतून माहिती अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे २००२ मध्ये सुधारून आला आणि देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. त्याच वर्षीच्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करावे, असे कलम १७ मध्ये होते. म्हणजे कोट किरानाचा मांडव कायद्यात गेला. विद्यार्थ्यांनी माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ आधी वाचावे असे मी सांगतो. कोणी मागायच्या आधीच सरकारी कार्यालयाने स्वतःहून काय काय उघड करायचे, याची यादी त्यात आहे. ती यादी नीट पाळली गेली तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत. २०२३च्या व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीच्या तरतुदीत बदल केला आहे. हजेरीपटावरचे नाव हीसुद्धा वैयक्तिक माहिती ठरवली गेली तर मांडवात मोठ्याने वाचायला काही उरणार नाही, ही भीती मला खरी वाटते, आणि पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी त्याकडे डोळ्यात तेल घालून पाहावे. कागद मागणे हे काम जोखमीचेही आहे. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. ते जमिनींच्या व्यवहारांतले गैरप्रकार बाहेर काढत होते. विद्यार्थ्याला एकट्याने अर्ज करायला मी कधीच सांगत नाही. पाच जणांनी मिळून करा, वेगवेगळ्या आळ्यांतले पाच.

वरच्या पातळीवरची साधने थोडक्यात सांगतो, कारण त्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रावर जाहीर करावेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे आले. त्यामागे अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी सुरू केलेल्या संस्थेची याचिका होती. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द झाले, कारण पक्षाला पैसा कोण देतो हे मतदाराला कळायला हवे. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला आणि आमदाराने मतदाराचे ऐकायचे की पक्षाच्या आदेशाचे, हा पेच सोबत घेऊन आला. २०२२ नंतर पक्षफुटी पाहिलेल्या महाराष्ट्रात त्यावर वेगळे उदाहरण द्यायची गरज नाही. हे सगळे महत्त्वाचे आहे. पण शपथपत्र वाचून ‘आपल्या’ उमेदवाराला मत द्यायचे नाही असे ठरवणारा मतदार न्यायालयाला घडवता येत नाही.

तो कुठे घडतो, हे मी एकदा जवळून पाहिले. सातारा जिल्ह्यातले एक गाव, २ ऑक्टोबरची ग्रामसभा. कायद्याने शेकडा पंधरा किंवा शंभर यांपैकी कमी असेल तेवढे मतदार हजर हवेत. गणपूर्ती होते की नाही, या चिंतेत ग्रामसेवक बारीक आवाजात माणसे मोजत होते. आमचे विद्यार्थी आदल्या दिवशी तीस मीटरचा टेप घेऊन बंदिस्त गटाराचे काम मोजून आले होते आणि मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्याशी ते जुळत नव्हते. जिथे काम थांबले होते तिथून पुढे बौद्धवस्ती सुरू होत होती. वरच्या आळीचे सगळे सांडपाणी त्या तोंडाशी येऊन साचत होते, अंगणवाडीच्या दारात. विद्यार्थ्यांनी आकडा सांगितला. सभेत शांतता. वस्तीतली माणसे मागच्या बाजूला उभी होती, त्यांच्यातले कोणी बोलले नाही. बोलले असते तर त्याला काय नाव पडले असते ते सगळ्यांना ठाऊक होते. विरोधी पॅनेलचा एक तरुण उठला आणि पाच मिनिटे गटार सोडून बाकी सगळ्यावर बोलला.

मग पुढे बसलेली एक म्हातारी उठली. वरच्या आळीतली, तिच्या दारचे गटार पुरे झालेले. तिचा नातू त्या अंगणवाडीत होता.

‘सरपंच, वहीत किती लिवलंय आन् जमिनीत किती हाय, तेवढं सांग,’ ती म्हणाली.

सरपंच हसून म्हणाले, ‘चुलते, घरी बोलू की आपण. घरातली माणसं हाय आपण.’

‘घरातला हाईस म्हणूनच हितं ईचारती. माझ्या दिराचा ल्योक तू. तुला मीच मत दिलं. परक्याला ईचारून मला काय करायचंय?’

त्यानंतर वस्तीतला एक माणूस पुढे आला आणि गटाराचे तोंड नेमके कुठे संपते ते हाताने दाखवू लागला. दोघे शेजारी उभे राहून बोलत होते, एक वाक्य ती, एक वाक्य तो. त्या गावात त्या दोन घरांचे एकमेकांकडे पाणी पिणे होते का, मला माहीत नाही. त्या पंधरा मिनिटांत मात्र मी उद्देशिकेतला तो शब्द ऐकत होतो.

नव्या वाचकाला आता फक्त कामाची एक सूचना. ग्रामसभा संपली की सभावृत्ताची वही मागावी. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी मागितली. त्यात लिहिले होते : ‘विषय क्र. ४ – विकासकामांचा आढावा. सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ सूचकाचे नाव होते, अनुमोदकाचे नाव होते. म्हातारीचा प्रश्न नव्हता, गटाराचा आकडा नव्हता. विद्यार्थिनींपैकी एकीने ग्रामसेवकांना विचारले, की प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि प्रश्न लिहायला काही नियमाची अडचण आहे का. ते म्हणाले, ‘अडचण काही नाही हो, पण असं कोणी लिहायला सांगत नाही.’ मुलगी वहीशेजारी बसून राहिली. त्यांनी पेन काढले, क्र. ४ च्या खाली जागा होती तिथे म्हातारीचे पूर्ण नाव विचारून घेतले, आणि वस्तीतल्या त्या माणसाचेही.